त्या मूर्तींचं पुढं काय झालं

मी कोल्हापुरात बावीस वर्षं युरोपचा इतिहास शिकवतेय आणि युरोप मी पाहिलेला नाही. पेठ वडगावात वाढले, एम.ए. कोल्हापुरात केलं, नोकरीही इथंच लागली. सुरुवातीला इंग्रजी पुस्तकातलं वाचून वर्गात मराठीत सांगायचे आणि मुलं लिहून घ्यायची. धर्मसुधारणेची चळवळ दोन तासांत उरकायची. पोपची सत्ता, तिच्याविरुद्धचा उठाव, राजानं बदललेला धर्म, चर्चमधून काढून टाकलेल्या संतांच्या मूर्ती.

एका वर्षी चंदगडकडच्या एका मुलीनं हात वर केला. वसतिगृहात राहायची, वर्गात फारशी बोलायची नाही. तिनं विचारलं, “मॅडम, त्या मूर्तींचं पुढं काय झालं?”

फोडल्या, जाळल्या, असं मी सांगितलं.

“सगळ्या?”

मला माहीत नव्हतं आणि मी तसं कबूल केलं. मग ग्रंथालयात बसून शोधलं. इंग्लंडमधल्या काही गावांत लोकांनी मूर्ती आणि पूजेची वस्त्रं घरात लपवून ठेवल्याचं सापडलं. तिला ते सांगितलं, तेव्हा ती हळूच म्हणाली की तिच्या आजोबांकडं अशीच एक आठवण आहे.

तिचं घर बौद्ध. दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं तिच्या गावी गेले. आजोबा अंगणात काजूच्या सावलीला बसले होते. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीतल्या सगळ्यांनी घरातले देव ओढ्यात सोडले, तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. बराच वेळ त्यांनी त्या दिवसाची गर्दी, घोषणा, वडिलांचा आनंद असं सगळं सांगितलं. मग म्हणाले,

“आईनं देवाचा एक टाक पिठाच्या डब्यात ठिवला हुता, बाई. माज्या बाला ठाव हुतं. त्यो काय बोलला न्हाय.”

पुढं काय झालं, असं नातीनं विचारलं.

“दोन वर्सांनी तिचा तिनंच काढला आन् ओढ्यात सोडला. कुणी सांगिटलं न्हाय तिला.”

परतताना बसमध्ये माझ्या मनात तेच घोळत होतं. धर्म अमुक साली बदलला, असं मी इतकी वर्षं सांगत आले होते. त्या बाईला मधली दोन वर्षं लागली होती, आणि ती वर्षं माझ्या एकाही टिपणात नव्हती.

पुढं त्या मुलीनं इंग्लंडमधल्या त्या लपवलेल्या मूर्तींवरच माझ्या मार्गदर्शनाखाली एम.फिल. करायचं ठरवलं. इंग्लंडमधल्या चर्चचे जुने कागद छापून निघालेले आहेत, त्यांवर तिनं तीन वर्षं काम केलं. तिचं इंग्रजी कच्चं होतं. एकेक पान ती डिक्शनरी घेऊन वाचायची आणि अडलं की माझ्याकडं यायची. शेवटच्या प्रकरणात तिनं आजोबांची आठवण लिहिली. ते प्रकरण मी काढायला लावलं. तोंडी आठवण पुरावा म्हणून टिकणार नाही, परीक्षक त्यावरच अडवतील, असं मी तिला समजावलं. ती वाद न घालता कागद गोळा करून गेली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, की इथं राहून तिकडचा विषय कशाला घेतला, आपल्याकडं विषय कमी आहेत का? मी तिच्या बाजूनं बोलणार होते, पण तीच आधी बोलली.

“सर, तिकडची माणसं इथं येऊन आमच्यावर लिहितात. त्यांना हे कोण इचारत न्हाय.”

परीक्षकांनी समोरचा प्रबंध उघडला. मग त्यांनी खरे प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिला पदवी मिळाली.

आता ती जयसिंगपूरच्या एका कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी आजोबा वारले. त्यानंतर तिनं एक मराठी लेख लिहून मला तपासायला पाठवला. त्यात इंग्लंडमधली गावं होती आणि पिठाचा डबाही होता. डब्याच्या आठवणीखालच्या तळटिपेत एक वाक्य होतं: हा भाग मूळ प्रबंधात होता, मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून गाळला.

दोन-तीन ठिकाणचं शुद्धलेखन मी दुरुस्त केलं. त्या वाक्यापाशी पेन्सिल बराच वेळ थांबली. वाक्य खरं होतं. तसंच ठेवून मी लेख परत पाठवला.