गोगलगायीची डावी बाजू

गोगलगाय कोणती, ते प्रधानकाका सांगतील. त्यांनी सांगितलं की झालं. उलट प्रश्न विचारायचा नाही.

मत्स्यालय मंडळात मी पहिल्यांदा गेलेले, तेव्हा बाबांनी जिन्यातच मला हा नियम ऐकवला. मी म्हटलं, "आणि काका चुकले तर?"

बाबा म्हणाले, "हाच तो प्रश्न. हा विचारायचा नाही."

मंडळ म्हणजे काही मोठं नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतले घरी काचेच्या टाकीत मासे पाळणारे लोक. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात, चहा पितात आणि एकमेकांना टाकीत लावायच्या पाणवनस्पती देतात. त्या वनस्पतींना चिकटून मोहरीएवढी गोगलगाय घरी येते. आज एक दिसते, पुढच्या महिन्यात काच भरलेली! मंडळातल्या किश्श्यांचंही तेच आहे. एक सांगायला घेतला की त्याच्या पाठीला चिकटून दुसरा येतो, आणि मग कितीही पुसा, संपत नाहीत.

नियमाचा दुसरा भाग मात्र हसण्यासारखा नव्हता. काकांनी एखादी गोगलगाय 'कीड' ठरवली, की त्या सदस्याने टाकीत तांब्याचं निळं औषध ओतायचं. त्याने गोगलगायी मरतात. कोळंब्याही मरतात. आणि माझ्या टाकीत मासे नाहीतच! लाल कोळंब्या आहेत, नखाएवढ्या. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी सुरुवात केलेली, आता त्यांची कितवी पिढी चालू आहे ते मलाही सांगता येणार नाही. त्यामुळे काकांच्या तोंडून निघणारं प्रत्येक नाव मी जीव मुठीत धरून ऐकायचे.

* * *

प्रधानकाका ठाण्याचे, मंडळाचे अध्यक्ष आणि बाबांचे एकेकाळचे साहेब. रिटायर दोघेही झाले, पण साहेबपण एकाचंही सुटलं नाही. काका अजून हुकूम सोडतात आणि बाबा अजून झेलतात!

गोगलगाय ओळखण्याची काकांची स्वतःची पद्धत आहे. ते आधी गोगलगाय बघत नाहीत, पत्ता विचारतात.

एका सदस्याने डबी पुढे केली. आत चकलीसारख्या चपट्या शंखाची गोगलगाय.

"कुठून आणली?"

"ठाण्याहूनच, काका."

"रॅम्सहॉर्न. सज्जन असते."

दुसऱ्याने डबी उघडली. तसाच शंख, तीच चकली.

"कुठून?"

"आंबिवलीहून."

"हं. जरा संशयित वाटते. लक्ष ठेवा."

मला राहवलं नाही. "काका, दोन्ही सेम टू सेम आहेत! आंबिवलीला काय चकलीचे वेढे उलटे पडतात?"

बाबांनी माझ्या पायावर पाय दिला.

मग तिसरा सदस्य उठला. "काका, माझीसुद्धा तसलीच आहे. पण उल्हासनगरहून आणलीय."

डुप्लिकेट मालाच्या गावाचं नाव ऐकून काकांनी डबी हातातही घेतली नाही. म्हणाले, "मग ती रॅम्सहॉर्नसारखी दिसणारी असेल!"

* * *

साठेकाका डोंबिवलीचे, मंडळाचे चिटणीस. प्रधानकाका बोलून थांबले की "बरोबर" म्हणायचं, हे त्यांचं मुख्य काम.

त्यांच्याकडे एक नेराइट गोगलगाय होती. काळी, गोल, गुळगुळीत, बोराएवढी. तिने काचेवर तिळासारखी पांढरी अंडी घातली. साठेकाकांनी ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं 'गोड बातमी', आणि पुढच्या रविवारी चक्क पेढे आणले.

मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "काका, नेराइटची पिल्लं गोड्या पाण्यात होत नाहीत. त्यांना खारं पाणी लागतं. ही अंडी नुसती काचेवर राहणार."

"शुभ बोल," प्रधानकाका म्हणाले.

"बरोबर," साठेकाका म्हणाले.

मी प्राणिशास्त्रात बीएस्सी केलंय हो! पण पेढ्यांपुढे डिग्रीचं काय चालणार? मी आणखी एक सांगून बघितलं, की नेराइट काचेवरून चढून टाकीबाहेर पडते, वर झाकण लावा. तेही अशुभात जमा झालं.

पिल्लं झाली नाहीत ती नाहीतच, पण एक दिवस आईच गायब! साठेकाकांनी सोफा सरकवला, फ्रिज सरकवला, कपाटाखाली झाडू फिरवला. शेजाऱ्यांकडे चौकशी केली. गोगलगाय जिना उतरून गेली का, असं वॉचमनलाही विचारलं. त्याने विचार करून उत्तर दिलं, "माझ्या ड्यूटीत तरी नाही."

आणि मग एका सकाळी काकू देवघरातून ओरडल्या, "अहो, धावा! शाळिग्राम निघाला!"

साठेकाका धावले. ताम्हनात दोन शाळिग्राम होते. एक जागेवर होता. दुसरा पाठीवर तुळशीपत्र घेऊन बाळकृष्णाला वळसा घालत होता!

काकू त्याला रोज अंघोळ घालत होत्या. अंगावर गंधसुद्धा लावलेलं. साठेकाकांनी विचारलं, "अगं, आपल्याकडे शाळिग्राम एकच आहे. दोन झाले तेव्हा तुला शंका नाही आली?"

काकू म्हणाल्या, "आली ना. पण मला वाटलं, ही गोड बातमी ह्याचीच!"

* * *

फिलोमिनाआंटी कोलशेतच्या. त्यांच्या माहेरची माणसं खाडीत मासे धरायची. मी त्यांना एकदा विचारलं, "आंटी, या बारक्या गोगलगायींना तुमच्यात काय म्हणतात?"

"काय म्हनायचं? अगो पोरी, ज्याचं कालवण होत नाही त्याला आमच्यात नावच नसतं!"

मंडळातलं सगळ्यात शास्त्रशुद्ध वर्गीकरण मला अजूनही हेच वाटतं.

* * *

याच आंटींच्या टाकीला काकांनी 'गोगलगायमुक्त' म्हणून प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. छापील, फ्रेमसकट. सगळं मंडळ संध्याकाळी कोलशेतला जमलं. आंटींनी फुगे, म्हणजे मैद्याचे गोड गोळे तळलेले, ते गरमगरम चाललेले.

काका टाकीसमोर खुर्ची घेऊन बसले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. "स्वच्छ! एकही नाही."

"बरोबर," साठेकाका म्हणाले.

मी म्हटलं, "काका, ट्रम्पेट गोगलगायी उजेडात वाळूत पुरून बसतात. अंधारात वर येतात. आत्ता दिसल्या नाहीत म्हणजे नाहीत असं नाही."

"म्हणजे जे दिसत नाही ते आहे म्हणायचं?"

"देवाच्या बाबतीत म्हणताच ना?"

बाबांनी पुन्हा पायावर पाय दिला. माझ्या डाव्या पायाचा अंगठा तेव्हापासून जरा चपटाच आहे.

काकांनी पेन काढून सही केली, फ्रेम आंटींच्या हातात दिली, आणि लाइट गेली! सगळा एरिया काळोखात. आता काय करणार? आम्ही अंधारात बसून फुगे संपवले. काकांनी त्यांच्या साहेबकीच्या काळातल्या गोष्टी सांगितल्या, साठेकाका अंधारातही "बरोबर" म्हणत राहिले. बऱ्याच वेळाने लाइट आली.

टाकीची काच दिसत नव्हती. आईस्क्रीमच्या कोनासारख्या टोकदार, बारक्या, तपकिरी गोगलगायी! काचेवर, पंपावर, थर्मामीटरवर. थर्मामीटरचे आकडे झाकले गेलेले. शेजारी आंटी उभ्या, हातात 'गोगलगायमुक्त'ची फ्रेम.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काका शांतपणे म्हणाले, "या प्रमाणपत्रानंतरच्या आहेत!"

* * *

काकांच्या घरी एक नमुन्यांची टाकी होती. प्रत्येक जातीची एकेक गोगलगाय त्यात ठेवलेली, नव्या सदस्यांना दाखवायला. तिथे काकांनी एक नवीन आणली. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, ऐटबाज.

"किती देखणी आहे बघ! हिला मी टाकीची अध्यक्ष करणार."

त्यांनी मोबाइलवर दाखवलेला फोटो पाहूनच मी कपाळाला हात लावला. "काका, ही असॅसिन आहे, म्हणजे मारेकरी! ही दुसऱ्या गोगलगायी खाते. नावातच लिहिलंय!"

"नावावरून माणूस ओळखू नये."

"ही माणूस नाहीये, काका!"

"तुमच्या पिढीचा हाच दोष. सुंदर काही दिसलं की लगेच संशय."

हळूहळू नमुने कमी होऊ लागले. आधी रॅम्सहॉर्न गेली, मग ट्रम्पेट गेली, मग बाकीच्या. टाकीच्या तळाशी रिकामे शंख आणि मधोमध पट्टेवाली, दिवसेंदिवस अंगाने भरत चाललेली! मी परत सांगितलं. काका म्हणाले, "वयाने गेल्या बिचाऱ्या."

पुढच्या बैठकीत त्यांनी शोकसभा ठेवली. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं स्तब्धता पाळली. टाकीवर पांढऱ्या फुलांचा हार. आत अध्यक्षस्थानी ती, एका रिकाम्या शंखात तोंड घालून काहीतरी उरलंय का बघत असलेली.

आंटी माझ्या कानात पुटपुटल्या, "मयताच्या घरी जेवण असतंय, पन एवढं लवकर वाढत नाहीत गो!"

* * *

आता खरं भांडण.

मण्याएवढ्या तपकिरी गोगलगायींत दोन जाती सारख्याच दिसतात. ब्लॅडर आणि पाँड. ब्लॅडर शेवाळ आणि सडकी पानं खाते, तिचा काही त्रास नाही. पाँड ताजी झाडं कुरतडते, म्हणून मंडळाच्या हिशेबी ती कीड. ओळखायचं सोपं आहे. शंखाचं टोक वर धरा, तोंड आपल्याकडे करा. तोंड डावीकडे असेल तर ब्लॅडर, उजवीकडे असेल तर पाँड. शेंबडं पोरही सांगेल.

पण काकांनी विचारलं, "डावीकडे म्हणजे कुणाच्या? आपल्या की तिच्या?"

"आपल्या, काका! बघणारे आपण आहोत."

"ती आपल्याकडे तोंड करून आहे. तिचा डावा हात आपल्या उजवीकडे येणार."

"तिला हातच नाहीत!"

"हात नसले म्हणून तिला बाजू नाही? समोरच्याची बाजू समजून घ्यावी, हे आमच्यावर संस्कार होते."

"बरोबर," साठेकाका म्हणाले.

मी मतदान मागितलं. आश्चर्य म्हणजे काका कबूल झाले. साठेकाका समोर उभे राहिले. "आपला डावा म्हणणाऱ्यांनी डावा हात वर करा. तिचा डावा म्हणणाऱ्यांनी उजवा."

मी वळून पाहिलं. जवळजवळ सगळे डावे हात! आंटींनी तर फुगा धरलेला डावा हात वर केलेला. मी जिंकले होते!

साठेकाकांनी मोजलं आणि जाहीर केलं, "बहुमताने तिचा डावा!"

"काय?"

"सगळे हात माझ्या उजवीकडे वर झाले. म्हणजे उजवे."

म्हणजे गोगलगायीला तिची बाजू, आणि आम्हाला साठेकाकांची! मी ओरडत राहिले, पण निकाल लागला तो लागलाच. त्या दिवसापासून मंडळातली प्रत्येक ब्लॅडर ही पाँड झाली आणि प्रत्येक पाँड ही ब्लॅडर. लोकांच्या टाकीतली झाडं कुरतडून देठं उरली, तरी काका सांगत, "सज्जन आहे, चव घेत असेल."

आणि माझ्या टाकीत सगळ्या ब्लॅडर होत्या.

* * *

एका रविवारी ते घरी आले. प्रधानकाका, साठेकाका आणि त्यांना स्टेशनवरून घेऊन आलेले माझे स्वतःचे बाबा. काकांनी काचेतून एक गोगलगाय बघितली. "तोंड तिच्या उजवीकडे. पाँड. कीड." आणि खिशातून निळ्या औषधाची बाटली काढली.

"काका, यात कोळंब्या आहेत. तांब्याने सगळ्या मरतील."

"काही होत नाही. अगदी निरुपद्रवी औषध आहे. माणसाने प्यायलं तरी चालेल."

"बाटलीवर लिहिलंय, कोळंबीच्या टाकीत वापरू नये."

"बाटलीवर काहीही लिहितात."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा टाकीकडे पाहत होते. आत एक कोळंबी पोटाखाली अंडी घेऊन पानावर बसलेली, पायांनी त्यांना वारा घातल्यासारखं करत. बाबा तिला रोज सकाळी ऑफिसला गेल्यासारखे येऊन बघतात, मला माहीत आहे. पण ते म्हणाले, "काका सांगतायत ना. मोठ्यांचं ऐकावं. घाल."

मी पुढे झाले. काकांच्या हातातून बाटली घेतली.

"मी ओतते," म्हटलं.

काकांचा चेहरा खुलला. "बघा! समजावून सांगितलं की मुलं ऐकतात."

बाटली घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. आई चहा गाळत होती. मी बाटली उघडून मोरीत उपडी केली. निळी धार जाळीतून खाली गेली. आईने पाहिलं, नळ सोडला आणि म्हणाली, "हलवून ओत. तळाशी राहतं."

मग हात साबणाने धुतले, ट्रेमध्ये चहाचे तीन कप ठेवले. कपांच्या मधोमध रिकामी बाटली ठेवली, आणि बाहेर येऊन ट्रे टीपॉयवर ठेवला.

काकांनी बाटली पाहिली. "ओतलंस?"

"ओतलं."

"सगळं?"

"सगळं."

काकांनी टाकीकडे पाहिलं. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. अंडीवाली कोळंबी तिच्या पानावर होती. मग त्यांनी हळूच ट्रेकडे पाहिलं.

"कशात?"

"टाकीत नाही," मी म्हटलं. "टाकीत मी ते घालणार नाही. आज नाही, कधीच नाही. चहा घ्या ना, काका. गार होतोय."

प्रधानकाकांनी साठेकाकांकडे पाहिलं, साठेकाकांनी बाबांकडे, आणि बाबांनी कपाकडे. तिन्ही कपांवर साय धरली, तरी कुणी हात पुढे केला नाही.