खोक्याची दोरी

मुंबईच्या वसतिगृहात माझ्या खोलीत रेवदंड्याचा एक मुलगा राहायचा. घरून आलेलं सामान सोडलं की आम्ही दोऱ्या-गोणपाटं फेकून द्यायचो, आणि हा ती उचलून आणायचा. गादीचं गोणपाट आमचं पायपुसणं झालं, काथ्याच्या दोरीवर कपडे वाळू लागले, घासलेटच्या डब्यांचा खोका टेबल झाला. दोरी मात्र तो कधी कापायचा नाही. नखांनी गाठ उकलत बसायचा. मला त्याचा वैताग यायचा.

"चाकू घे की," मी म्हणायचो.

"घाई कुठं हाय?"

वडील अंथरुणाला खिळले आणि मला कॉलेज सोडून अलिबागला परतणं भाग पडलं. मी पुस्तकांपुढे नुसता बसून होतो. त्याने खोक्यावरच्या आपल्या वह्या जमिनीवर ठेवल्या, दोरीवरचे ओले कपडे खिडकीत टाकले, पायपुसणं झटकलं. माझी पुस्तकं खोक्यात भरली, वर गोणपाट लावलं, दोरी आवळली.

"सुरगाठ मारलीय. कापू नको. परत येताना लागंल."

मी परत गेलो नाही. खोका माळ्यावर आहे. एका ओढीत सुटेल ती गाठ, पण मी अजून तिला हात लावलेला नाही.