अण्णांच्या गाडीचं ॲव्हरेज

आमच्याकडे नवी गाडी घेतलेल्या माणसाला कुणी अभिनंदन वगैरे म्हणत नाही. धारवाडात काय आणि हुबळीत काय, गाडीभोवती एक चक्कर मारायची, टायरला बुटानं हलकेच टोचायचं आणि विचारायचं, "एष्टु कोडतद री?" म्हणजे लिटरला किती किलोमीटर देते. मग ती मोपेड असो नाहीतर देवळाच्या रथाएवढी गाडी असो. ह्या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे दोन-तीन वाढवूनच सांगतात. आमचे हे धारवाडच्या कोर्टात दिवाणी वकील, अशिलालासुद्धा खोटं बोलू न देणारे. पण ॲव्हरेजचं विचारलं की त्यांचीही जीभ घसरायची. त्यात हसण्यासारखंच आहे सगळं, आणि मी पुष्कळ वर्षं हसलेही. आता हसू येत नाही.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर. सासरे लवकर गेले तेव्हा अण्णांनी शाळा सोडली आणि हुबळीत लेथवर उभे राहिले. आपल्याहून बराच लहान असलेला भाऊ त्यांनी वकील होईपर्यंत शिकवला. पुढं तारिहाळला त्यांचा स्वतःचा छोटा कारखाना झाला, हुबळीतच केशवापुरात घर झालं. मूलबाळ झालं नाही. त्याची खंत त्यांनी कधी बोलून दाखवली नाही, ह्यांच्याकडे बघून ते म्हणत, "एक वाढवलाय की, पुरे झाला." माझ्या जाऊबाईंना मी अक्का म्हणे. नव्वदच्या दशकात दर रविवारी आम्ही दोघं धारवाडहून स्कूटरवरून रायापूर ओलांडून केशवापूरला जायचो. अक्का मिरच्या तळायच्या, चुरमुऱ्यांचं गिरमिट करायच्या, आणि दोघं भाऊ अंगणात खुर्च्या टाकून एकच विषय काढायचे.

तो विषय म्हणजे सहल. अण्णा कारखान्यातून मोकळे झाले की चौघांनी गाडी घेऊन निघायचं, कारवारला उतरायचं आणि समुद्र धरून थेट कन्याकुमारीपर्यंत जायचं. कुठं मुक्काम, कुठं मासे खाणाऱ्यांच्या गावात आपल्याला उपाशी राहावं लागेल, सगळी चर्चा व्हायची. दोघांनी मिळून एकही प्रवास कधी केला नव्हता. लहानपणी ऐपत नव्हती आणि नंतर सवड नव्हती. म्हणून त्या सहलीचं नाव निघालं की पन्नाशीचे अण्णासुद्धा खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसायचे.

दोन हजार सालानंतर कधीतरी अण्णांनी ती गाडी घेतली. परदेशी बनावटीची, उंच, काळी, आत कातडी सीटा, छताला सरकणारी काच. सीट बटणावर पुढं-मागं व्हायची. केशवापुरातली अर्धी गल्ली बघायला जमली होती. समोरच्या किराणावाल्यानं ठरलेला प्रश्न विचारला. अण्णांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "हन्नोंदु." अकरा.

मी तेव्हा आमच्या ह्यांच्याकडे बघत होते. बस्स, त्यांच्या मनात गाडी शिरली.

दीड-दोन वर्षांत आमच्याही दारात तीच गाडी आली, जुनी, बेळगावच्या एका डॉक्टरांकडून घेतलेली. मी म्हटलं, आपण दोन माणसं, एवढा हत्ती कशाला? तर म्हणाले, "अण्णाची अकरा देते. आणखी काय पाहायचं?" अण्णांनी सांगितलेल्या गोष्टीची खातरजमा करायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवायची. पहिली टाकी काठोकाठ भरली, संपत आल्यावर पुन्हा भरली, आणि मी भागाकार केला. सात आले. हे म्हणाले, तुझं चुकलं. मी म्हटलं, तीस वर्षं मुलांना हेच शिकवतेय. पुढच्या टाकीला त्यांनी स्वतः भागाकार केला. सातच आले, तेही पूर्ण नव्हे.

त्या रविवारी अण्णांनी गेटातच विचारलं, "काय रे, किती देते?"

ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अकरा. जरा वरच, पण खाली नाही."

परत येताना मी चांगलं फैलावर घेतलं त्यांना. ते शांतपणे म्हणाले, "त्याच्याकडे बघून घेतली ना गाडी? सात म्हटलं तर त्याला वाटेल, आपल्यामुळं हा खड्ड्यात पडला. झोप लागणार नाही त्याला." ते खोटं मायेपोटी होतं, आणि मला त्या वेळी ते आवडलंही. मीसुद्धा अक्कांपाशी तो विषय कधी काढला नाही. आम्ही दोघी गुडघ्यांपासून लोणच्यापर्यंत सगळं बोलायचो, पण नवऱ्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत एवढं शहाणपण दोघींनाही होतं.

मग सुरू झाला दुरुस्तीचा संसार. अण्णांची अकरा देते आणि आपली सात, म्हणजे दोष आपल्या गाडीतच, हे ह्यांनी पक्कं धरलं. कंपनीचं सर्व्हिस सेंटर तेव्हा आसपास नव्हतं, थेट बंगळूर गाठायला लागे. म्हणून जवळचा गॅरेजवाला शोधला. तो बोनेट उघडायच्या आधीच म्हणायचा, "बिच्चि नोडोण री," खोलून बघू या. त्याला खोलायची भारी हौस. आधी फिल्टर बदलले, मग नोझल, मग डिझेलचा पंप, आणि शेवटी सगळं इंजिनच खोललं. माझ्या मते तोवर त्या इंजिनाला काही झालेलं नव्हतं. खोलून परत बसवल्यावर मात्र ते धूर ओकायला लागलं. नवलूरच्या चढाला तर मागच्या स्कूटरवाल्यांनी आम्हाला शिव्या घालाव्यात असा धूर. एक पार्ट पुण्याहून यायला पंधरवडा, आणि आला की तो दुसऱ्याच मॉडेलचा निघायचा.

बाकीचा थाटही एकेक करून आमच्यावर उलटला. ऐन पावसात छताची काच अर्ध्यावर अडकली आणि मी पुढच्या सीटवर छत्री उघडून घरी आले. ह्यांची सीट एकदा बटण दाबल्यावर मागं गेली ती पुढं येईना; पाय पुरेनात म्हणून पाठीशी उशी लावून कोर्टात गेले. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा पेटला होता, तो गाडी विकेपर्यंत विझला नाही. हे सगळं मी शाळेत रंगवून सांगायची आणि स्टाफरूम हसायची. पण घरी हे हसत नव्हते. रात्रंदिवस त्या इंजिनाचा विचार. अण्णाला कळता कामा नये एवढं एकच.

आणि नेमके त्याच सुमारास अण्णा कारखान्यातून मोकळे झाले. भागीदाराकडे सगळं सोपवलं आणि रविवारी म्हणाले, "आता निघायचं. दिवाळी झाली की निघू. तुझी गाडी काढ."

हे चपापले. कन्याकुमारीपर्यंत अण्णांना शेजारी बसवून न्यायचं म्हणजे प्रत्येक पंपावर पितळ उघडं पडणार. म्हणाले, "तुझीच काढू की अण्णा. तुझी नवी आहे."

"नको, तुझीच बरी. तुझी जरा जास्तच देते की."

दिवाळी गेली. मग म्हणाले संक्रांत झाली की. मग उन्हाळा फार म्हणून पुढं ढकललं. पुन्हा दिवाळी आली. दर वेळी अण्णा म्हणत तुझी काढ, हे म्हणत तुझी काढू. दुसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की ह्यांचा स्वर बदललाय. घरी येऊन म्हणाले, "अण्णाला त्याची गाडी आपल्यासाठी काढवत नाही. झिजेल म्हणून." मी म्हटलं, काहीतरीच काय! ते म्हणाले, "मग एकदाही का काढत नाही? सांग ना." खरं म्हणजे मलाही थोडं तसंच वाटायला लागलं होतं.

हुबळीत एका नात्यातल्या लग्नात ते उघड्यावर आलं. पंगतीत कुणीतरी थट्टेनं विचारलं, काय हो, दोघा भावांकडे एकासारखी एक गाडी, मग कन्याकुमारी कधी? अण्णा हसून म्हणाले, "ह्याला विचारा. हा गाडी काढतो म्हणाला तर उद्या निघतो." सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. हे वकील, चारचौघांत गप्प बसणं अंगवळणी नाही. म्हणाले, "आमच्या अण्णाची गाडी झाकून ठेवायची असते हो. पहिल्यापासूनच जरा चिक्कू तो."

पंगत हसली. अण्णाही हसल्यासारखं करून भात कालवत राहिले. पण पुढचा पदार्थ त्यांनी हातानंच नको म्हटला, आणि जेवण अर्धं टाकून ते कधीच उठत नसत, ते त्या दिवशी उठले. ज्यानं स्वतःचं सगळं मागं ठेवून ह्यांना शिकवलं त्याला चारचौघांत चिक्कू म्हणायचं! मी घरी येऊन खूप बोलले. ह्यांनाही चुटपुट लागली होती, पण माफी मागायची म्हणजे सगळंच सांगायला हवं, आणि ते जिभेवर येईना.

रविवार तुटले नाहीत, विरळ झाले. गेलो तरी अंगणातल्या खुर्च्या आतच राहायच्या. टीव्ही चालू असे. सहलीचं नाव कुणी काढत नसे. असं वर्षभर चाललं. आणि एका सकाळी पूजा करता करता अण्णांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. इस्पितळात नेईपर्यंतही थांबले नाहीत.

मुलगा नव्हता, म्हणून सगळं ह्यांनीच केलं. अस्थी गोकर्णाला न्यायच्या ठरल्या. आमची गाडी तेव्हाही गॅरेजातच होती. अक्का म्हणाल्या, "त्यांच्याच गाडीतनं न्या की भाऊजी. तेवढं तरी त्यांना मिळू दे." हुबळीतच टाकी काठोकाठ भरून आम्ही तिघं निघालो. यल्लापूरवरून घाट उतरून गोकर्ण गाठलं. गोकर्णात विधी झाले, अस्थी सोडल्या, आणि परत निघालो ते अंकोल्याला डिझेलसाठी थांबलो.

पंपवाल्यानं टाकी पुन्हा काठोकाठ भरली. ह्यांनी सवयीनं मीटर बघितलं, लिटर बघितले, आणि सवयीनंच मला म्हणाले, "भाग बघ जरा." मी मनातल्या मनात भागाकार केला. परत केला. मग त्यांना सांगितलं.

"सात? शक्य नाही." ते मागं वळून अक्कांना म्हणाले, "वहिनी, गाडीत दोष दिसतोय काहीतरी. दाखवून घ्यायला हवी."

अक्का म्हणाल्या, "दोष कसला? घेतल्यापासून तेवढंच देते की ही."

ह्यांनी किल्लीवरचा हात काढला. अक्का पुढं म्हणाल्या,

"गल्लीसमोर फुशारकीनं अकरा म्हणून गेले, ते गेलेच. मनात वाटायचं, नव्या गाडीला सुरुवातीला लागतंय डिझेल, पुढं वाढेल. मग तुम्ही आलात आणि तुमची खरोखरच अकरा देते म्हणालात. झालं! आपल्याच गाडीत खोट आहे म्हणून डोक्यात बसलं त्यांच्या. कारखान्यातल्या माणसांना लावून दोनदा इंजिन खोललं. लांब न्यायची म्हटली की जीव घाबरायचा त्यांचा. धाकट्यासमोर कसं दाखवू म्हणायचे, माझ्या शब्दावर गाडी घेतलीय त्यानं."

हे म्हणाले, "वहिनी, आमचीही सातच देते."

अक्कांना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्या खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाल्या, "तसं त्यांना सांगायचं होतं हो. त्यांना वाटायचं, तुम्हाला त्यांच्यासाठी गाडी काढायची नाही. त्या लग्नानंतर तर रोज म्हणायचे, एवढा वाढवला मी, आणि चार दिवस फिरवायला जड झालो त्याला. जायच्या आदल्या दिवशीही तेच."

मागची लॉरी हॉर्न देत होती. पंपवाला खिडकीत वाकून काहीतरी विचारत होता. मीच पर्समधून पैसे काढून दिले. ह्यांनी गाडी सुरू केली आणि यल्लापूरकडे न वळता ती परत गोकर्णाच्या रस्त्याला लावली. अक्का पदर तोंडाशी धरून बसल्या.

ऊन कलायला लागलं होतं. सकाळी जिथं अस्थी सोडल्या तिथंच हे पँट न दुमडता पाण्यात शिरले. गुडघ्याइतक्या पाण्यात उभं राहून, कोर्टात ज्या आवाजात बोलत त्याच आवाजात त्यांनी ओरडून सांगितलं, "अण्णा, माझीपण सातच देते!"

वाळूवर खेळणारी पोरं हसायला लागली. हे तसेच उभे राहिले, अण्णा काही म्हणतायत का ते ऐकत.