व्हर्डेलचं डोकं आणि बिशप टोपी

अमेरिकेतल्या आमच्या मेकन गावात व्हर्डेल टिस्डेलला न ओळखणारा माणूस एक तर कालच गावात आलेला असायचा, नाही तर त्याच्या दारात स्वतःची मोटार असायची. बाकी सगळे कधी ना कधी तिच्या बसमधून गेलेले. एकवीस वर्षं तिनं सिटी बस चालवली. आडवी-उभी दणकट बाई, आवाज असा की मागच्या बाकावर पाय पसरून बसलेला माणूस आरशात न बघताच पाय आवरून घ्यायचा. आणि केस म्हणाल, तर कमरेपर्यंत लोंबणाऱ्या जाडजूड जटा. मुद्दाम वळून, सांभाळून, तीस वर्षं वाढवलेल्या.

एका वर्षी कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येक ड्रायव्हरनं टोपी घातलीच पाहिजे. डेपोच्या साहेबानं तिच्या हातात टोपी दिली. तिनं ती डोक्यावर ठेवली, ती घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. साहेब म्हणाला, "केस कापा मग."

व्हर्डेल म्हणाली, "साहेब, बस रस्त्यात मावत नसेल तर तुम्ही बस तासता का? मोठी टोपी आणा."

मोठी टोपी आली नाही. आठ दिवस हिला बिनपगारी घरी बसवलं. नवव्या दिवशी ही बिनटोपीचीच बसवर चढली, आणि पुढे ते फर्मान कुणी तोंडातून काढलं नाही. अशी बाई.

पण डेपोच्या साहेबाला गप्प करणं वेगळं आणि आईला गप्प करणं वेगळं. तिची आई अर्नेस्टीन म्हणजे आमच्या माउंट नेबो चर्चचा दुसरा पाळक म्हटलं तरी चालेल. सगळ्यात पुढे म्हाताऱ्या बायकांचा एक बाक आहे, त्याला आम्ही आयांचा बाक म्हणतो. त्या बाकाचं उजवं टोक अर्नेस्टीनबाईंचं. दर रविवारी नवा पेहराव आणि त्यावर साजेशी टोपी. एक्केचाळीस टोप्या होत्या बाईंकडे. पिसांच्या, जाळीच्या, फुलांच्या, एक तर अशी रुंद की दारातून तिरकं आत यावं लागायचं. आणि सगळ्यांत मानाची होती ती जांभळ्या फेल्टची, काठाला रेशमी पट्टी आणि बाजूला एकच काळं पीस असलेली. त्या टोपीला घरात नाव होतं बिशप. बिशप फक्त चर्चच्या वाढदिवसाला बाहेर निघायची, नोव्हेंबरात.

पोरीच्या जटांवरून बाईंनी तीस वर्षं तिला टोचून खाल्लं. "देवाच्या घरात दोरखंड लोंबवत येतेस. लोक मला विचारतात, अर्नेस्टीन, मुलीकडे कंगवा नाही का?" धाकटी जोनेटा मात्र आईच्या वळणावर गेलेली. अटलांटात घरं विकायचा धंदा, चापूनचोपून सरळ केलेले केस, रंगवलेली लांब नखं. ती सणावारी गाडी घेऊन यायची, आईच्या गालाला गाल लावायची आणि संध्याकाळी परत. शेवटची सहा वर्षं आईचं हगणंमुतणं काढलं, न्हाऊमाखू घातलं ते या दोरखंडवालीनं. यात नवल काही नाही, सगळ्या घरांत असंच असतं.

सप्टेंबरात बाई गेल्या. जायच्या आठवडाभर आधी दोन्ही मुलींना आणि बहिणीला, म्हणजे मॉझेल मावशीला, उशाशी बोलावून म्हणाल्या होत्या, "माझ्या टोप्यांवरून भांडायचं नाही. ज्या डोक्यावर बसेल, त्या डोक्याची टोपी."

व्हर्डेलच्या काळजात ते रुतलं. मरतानाही आईनं टोमणा मारायचं सोडलं नाही, असं तिला वाटलं, आणि वाटणारच.

महिन्यानं एका शनिवारी वाटणी झाली. जोनेटा पहिलाच खोका उघडून टोपी पलंगावर ठेवायला गेली तशी मॉझेल मावशी ओरडली, "पलंगावर टोपी नको, अपशकुन असतो. घरात आणखी एक मढं पाडायचंय का?" मग टोप्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या, किटलीवर, फुलदाणीवर, पाव ठेवायच्या डब्यावर. जोनेटानं एकेक घालून पाहिली. लहान डोकं, चपटे केस. काही सैल, काही घट्ट, पण बसल्या सगळ्या. बिशपही बसली.

व्हर्डेलची पाळी आली. एकही टोपी कपाळापर्यंत पोचेना. उतू आलेल्या भातावर झाकण राहावं तशी प्रत्येक टोपी वर तरंगत राहिली.

मॉझेल मावशी म्हणाली, "काप ना पोरी ते. केस पुन्हा येतील, आईची टोपी पुन्हा येणार नाही."

"मावशी, तुझी जीभ काप म्हटलं तर कापशील का?"

"बघ, बघ कशी बोलते. म्हणूनच अर्नेस्टीन झुरली."

जोनेटा शांतपणे टोप्या खोक्यात भरत होती. "व्हर्डी, नियम मी केलेला नाही. आईनं सांगितलंय."

व्हर्डेलला चाळीस टोप्यांचं काही वाटत नव्हतं. तिला बिशप हवी होती. तीच एक, कारण बिशप मुळात आईची नव्हती, आईच्या आईची होती, सिपोरा आजीची. आणि चर्चमध्ये बिशप घातलेली बाई आयांच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसते, हे आमच्याकडे न लिहिलेलं सगळ्यांना पाठ आहे. ती जागा अटलांटाहून वर्षातून चारदा येणारीनं घ्यायची आणि सहा वर्षं आईला उचलून न्हाणीत नेणारीनं मागच्या खांबाआड बसायचं, हे तिला गिळवेना. तिनं बिशपचा खोका उचलला आणि काखेत मारला.

"चर्चच्या वाढदिवसाला अजून पाच आठवडे आहेत. त्या दिवशी ही माझ्या डोक्यावर बसली, पिन नाही, रबर नाही, तर माझी. नाही बसली तर तुझ्या गाडीत स्वतः आणून ठेवीन."

जोनेटा हसली. "ठेव पाच आठवडे. डोकं काही आटत नाही पाच आठवड्यांत."

ग्रियरकाकांचं दुकान कॉटन ॲव्हेन्यूवर आहे. शहाऐंशी वर्षांचा माणूस, बापाच्या वेळेपासून टोप्या बनवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा धंदा. आता गिऱ्हाईक आठवड्याला एक, तरी दुकान रोज उघडं. त्यांनी व्हर्डेलला खुर्चीवर बसवलं. जटा मानेवर सैल बांधायला लावल्या आणि कपाळावरून फीत फिरवली.

"सव्वातेवीस इंच. आणि टोपी आतून साडेएकवीस."

"मग वाफ द्या, ताणा."

"बाई, सत्तर वर्षांचं फेल्ट आहे हे. अर्धा इंच ताणेन. पाऊण इंच ताणेन, देवाचं नाव घेऊन. पावणेदोन ताणायला गेलो तर जुन्या चादरीसारखं फाटेल."

"मागून कापून तुकडा घाला."

"घालीन. पण मग ही बिशप राहणार नाही. ठिगळ लावलेली टोपी घालून तुम्ही तिथं बसाल, आणि मॉझेलबाईंचे डोळे मला माहीत आहेत." म्हाताऱ्यानं टोपी उलटी केली, आतल्या चामड्याच्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला. "हे एवढं जाड कशानं?"

पट्टीची शिवण त्यांनी पात्यानं अलगद उसवली. आतून कागद निघाला. घडी घालून घालून दोरीसारखा दाबलेला. उलगडून पाहिला तर माउंट नेबोचं रविवारचं पत्रक, १९६८ सालचं. त्यामागे दुसरं, १९७५. मग एक मोज्याचा तुकडा. मग १९८३, १९९१, आणि असेच, चिमट्यानं काढत गेले तसतसे निघत गेले. अकरा घड्या. शेवटी ग्रियरकाकांनी आतून फीत लावली. तेवीस आणि वर पाव, जेमतेम.

"ही माझ्या बापाच्या हातची टोपी," ते म्हणाले. "मी ऐकलंय हिच्याबद्दल. त्या काळी गोऱ्यांच्या मोठ्या दुकानांत आपल्या काळ्या बायकांना टोपी डोक्यावर घालून बघू देत नसत. हात लावला की घ्यावीच लागे. सिपोराबाई त्या दुकानातून तडक इथं आल्या आणि बापाला म्हणाल्या, माझ्या डोक्याची बनव, आणि वेण्यांवरून मोज. डोक्याभोवती वेण्यांचा हा एवढा वेढा होता म्हणे. बाप म्हणाला, वेण्या सोडा, टोपी छोटी होईल, स्वस्त पडेल. बाई म्हणाल्या, मी स्वस्त बाई नाही."

व्हर्डेलच्या मांडीवर त्या अकरा घड्या होत्या, आणि त्या कशाच्या आहेत हे त्या दुकानात फक्त तिला कळत होतं.

कारण आईचं डोकं तिनं सहा वर्षं धुतलं होतं. केस सरळ करायला शेगडीवर लाल केलेला लोखंडी कंगवा, मग ते डबीतलं जळजळीत औषध, सोळाव्या वर्षापासून. कानामागे भाजल्याचे डाग होते आणि टाळूवर केसच नव्हते. शेवटी शेवटी तर तळहातासारखं गुळगुळीत. पुढच्या चार बटा आणि मागचा अंबाडा दोन्ही विकतचे. पहिल्यांदा डोकं धुवायला घेतलं तेव्हा आईनं तिचं मनगट धरलं होतं. "हे कुणाला सांगायचं नाही. जोनेटाला तर नाहीच." व्हर्डेलनं तिला शब्द दिला होता.

म्हणजे दर काही वर्षांनी केस गळले की टोपी सैल व्हायची, आणि बाई चर्चमधलं पत्रक घडी करून आत सारायच्या. आणि घरी येऊन पोरीला म्हणायच्या, तुझ्या डोक्यावर दोरखंड आहेत.

तिला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. "अगं बये," ती मांडीवरच्या कागदांना म्हणाली, "जळून गेलं ते चांगलं, आणि टिकलं ते लाजिरवाणं, असं कोणी शिकवलं तुला?" आणि मग तिच्या मनात आलं की या घड्या आईनं स्वतःच्या हातानं घातल्या होत्या. टोपीचं खरं माप तिला ठाऊक होतं. मग ज्या डोक्यावर बसेल त्या डोक्याची, हे ती कुणाला म्हणाली होती? विचारायला आता माणूस नव्हतं. ग्रियरकाकांनी पट्टी पुन्हा शिवली, जराशी वाफ दिली आणि पैसे घेतले नाहीत.

नोव्हेंबरातला तो रविवार उजाडला. व्हर्डेल राखाडी पेहरावात, पाठीवर जटा मोकळ्या, डोक्यावर बिशप. चर्चच्या बाहेरच्या दालनात जोनेटा आणि मॉझेल मावशी उभ्याच होत्या, आणि तमाशा बघायला निम्मं माउंट नेबो.

जोनेटानं तिच्याभोवती एक फेरी मारली. "मान हलव."

व्हर्डेलनं मान हलवली. खाली वाकली, उभी राहिली. टोपी जागची हलली नाही.

"किती ताणलीस?"

"एक दोराही ताणलेला नाही."

"मग आईच्या डोक्यावर गच्च बसणारी टोपी तुझ्या या भाऱ्यावर कशी बसते? आईचं डोकं माझ्याएवढं होतं." जोनेटाचा आवाज चढला. "काहीतरी केलंयस तू हिला. बायबलवर हात ठेवून सांग, काही केलं नाहीस म्हणून."

पर्समध्ये अकरा घड्या होत्या. एक काढून दाखवली असती, एक वाक्य बोललं असतं, की दालनातल्या सगळ्या बायकांची तोंडं मिटली असती आणि जोनेटाचं सगळ्यांत आधी. व्हर्डेलचा हात पर्सच्या कडीवर गेला, हे मी पाहिलेल्यांकडून ऐकलंय. मग तो खाली आला.

"केलंय," ती म्हणाली. "काय केलं ते सांगणार नाही. तुला नाही, पाळकांना नाही, कुणालाच नाही. आईनं सांगितलं, बसेल त्याची. बसलीय. डोळे आहेत ना तुला?"

"ही फसवणूक आहे. ती टोपी माझी."

"मग घे काढून."

आता, आमच्याकडे एक बाई दुसऱ्या बाईचा नवरा नेईल, पण तिच्या टोपीला हात लावणार नाही. गळाभेटसुद्धा आम्ही एका कुशीनं घेतो, काठाला धक्का लागू नये म्हणून. जोनेटाचा हात वर गेला. अर्ध्यात थांबला. सगळं दालन त्या हाताकडे बघत होतं. आत ऑर्गन सुरू झाला, तरी कुणी हललं नाही. मग जोनेटानं तो हात स्वतःच्या केसांवरून फिरवला आणि तोंड फिरवलं.

व्हर्डेल मधल्या वाटेनं चालत गेली. घाई नाही, इकडेतिकडे बघणं नाही. आयांच्या बाकापाशी पोचली तोवर मॉझेल मावशी बाजूच्या दारानं येऊन उजव्या टोकाला बसून मोकळी झाली होती. तिनं व्हर्डेलला आपादमस्तक न्याहाळलं, आणि शेजारच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "काय दाट, काय रेशमासारखे केस होते माझ्या बहिणीचे, शेवटच्या दिवसापर्यंत. आईचे असे, आणि लेकीचे हे असे."

व्हर्डेलनं तिच्या डोळ्यांत डोळे घातले.

"होते खरे, मावशी. शेवटच्या दिवसापर्यंत होते. मीच धुवायचे ना. असे केस मी कुणाचे पाहिले नाहीत," ती म्हणाली. "आता जरा सरक."