क्लिपरची फुगलेली फळी

घर सोडलं त्या सकाळीही बाबा रंधाच मारत होते. खाडीवरच्या मांडवात अर्धं झालेलं गलबत, आई ओवाळायला तबक घेऊन तिथंच आलेली, कारण बाबा काही घरी यायला तयार नाहीत. एक डोळा मिटून त्यांनी फळीवरून नजर टाकली आणि म्हणाले, “फुगवटा राहिलाय. फुगवटा राहिला की समुद्र माणूस मागतो.” आशीर्वाद-बिशीर्वाद काही नाही. मी रागारागातच पाया पडलो आणि निघालो.

बाबांनी आयुष्यात कधी नकाशा काढला नाही. डोळा सांगेल ते हातानं करायचं, विचारत बसायचं नाही. मी मात्र इंजिनिअर झालो, स्टुटगार्टला गाड्यांच्या पार्ट्सची ड्रॉइंग्ज काढू लागलो. अनघा लग्न होऊन आली, सई झाली. एस-बान या लोकलची वेळ चुकली तर मीही इथल्यांसारखा चडफडायला लागलो. ‘जा, गेनाऊ’, म्हणजे ‘हो, बरोब्बर’, सगळं अंगवळणी पडलं. मग दोन हजार नऊची मंदी आली. आधी कुर्त्सआर्बाइट म्हणून कामाचे तास अर्धे केले, नंतर क्युंडिगुंग, म्हणजे सरळ घरी बसा. आमच्यासारखे जे इथं आलेत त्यांना सांगायला नको, राहण्याचा परवाना नोकरीला टांगलेला असतो. आउसलेंडरबेह्योर्डे, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतल्या बाईंनी तीन महिने दिले.

दारोदार अर्ज केले. शेवटी उत्तरेला, समुद्रकाठच्या एका यार्डात जुन्या क्लिपर जहाजाची डागडुजी चालली होती, तिथं अर्ज टाकला. बापाचा धंदा त्यात मुद्दाम घुसडला, आणि त्यावरच जागा मिळाली. सहा महिने प्रोबेत्साइट, त्यात निभावलं की पक्की नोकरी, म्हणजे परवानाही पक्का. अनघा म्हणाली, “अहो, एवढं एक तरी नीट करा हं.”

काय जहाज होतं! एकोणिसाव्या शतकात चीनचा चहा पळवत आणायला बांधलेलं, सुरीसारखं निमुळतं. आत लोखंडी फासळ्या, बाहेर सागवान. रंधा फिरला की आमच्या मांडवाचा वास यायचा आणि मला रडू फुटायचं. कोणी बांधलं त्या सुतारांची नावं कुणालाच ठाऊक नव्हती, फक्त त्यांच्या वाकसाचे घाव फळ्यांवर दिसत. मी त्यांच्याशी मराठीत बोलायचो. खुळाच झालो होतो.

पाचव्या महिन्यात नाळेजवळच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डाव्या फळीवर नजर गेली. फुगवटा! दोन बोटं, पण होता. आमचे मुख्य कारागीर, माइस्टर, जेवायला गेले होते. या गड्यानं, म्हणजे मी, कुणाला विचारलं नाही. तासाभरात फळी तासून आरशासारखी सपाट केली आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिलो.

माइस्टर आले आणि मटकन खालीच बसले. म्हणाले, हे जहाज पुन्हा पाण्यात जाणारच नाहीये. ते बांधणाऱ्या सुताराचा हात कसा चालायचा हे जपायला तर आपण इथं आहोत. त्याची चूक तीच त्याची सही होती. ती तू पुसलीस. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आठवड्याभरात मला काढलं, आणि त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू?

बाबांना फोन केला. म्हणाले, “फळी सरळ झाली ना? मग चूक कसली?” जन्मात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो. मग मीच वरमलो. म्हटलं, “बाबा, आम्ही परत येतो. मांडवात तुमच्या हाताखाली लागतो.”

मग म्हणाले, “मांडव मोडला रे पोरा. दोन वर्षं झाली. सगळ्यांना फायबरच्या होड्या हव्यात. तुला कळवू नको, असं मीच तुझ्या आईला बजावलं होतं.” आणि हळूच, “येऊ नकोस. इथं येऊन माझ्यासारखा ओसरीवर बसशील. कुठंही राहा, पण येऊ नकोस.”

तिकडे राहिलेल्यांनो, आम्ही हवं तेव्हा परतू शकतो असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटायचं. घर म्हणजे “ये” म्हणणारं माणूस, एवढंच मला आता कळतंय.

परवाना येत्या सोमवारी संपतो. सई बॅगेवर बसून जर्मनमध्ये विचारत्ये, आपण घरी कधी जायचं. अनघा कॉम्प्युटर उघडून कधीची थांबली आहे.

“अहो,” ती म्हणते, “तिकिटं कुठली काढू?”