खुंटीवरचा लंगोट

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यातल्या बहुतेकांचे तपशील आता डोकं खाजवून आठवावे लागतात. एक साधी हाणामारीची केस मात्र अशी आहे, की एखाद्या तालमीवरून जाताना ताक-हळद घातलेल्या तांबड्या मातीचा वास आला तरी ती आपणहून समोर येते. त्यात कोणी मेलं नव्हतं. एकाचा हात मोडला होता आणि दुसऱ्याचं आयुष्य मोडायच्या बेतात होतं.

मी तेव्हा बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या शिवेवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. संध्याकाळची हजेरी चालू असताना इंदापूरकडचा एक पैलवान गडी हात गळ्यात बांधून आला. सोबत त्याचा मित्र आणि मागे दोन गाड्या भरून गावकरी. फिर्याद अशी, की पिंपळीकडच्या एका पैलवानाने यात्रेतल्या कुस्तीचा राग धरून कालव्याच्या रस्त्यावर त्याला अडवलं, उचलून डांबरावर आपटलं आणि त्याचा हात मोडला. मित्राने डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगितलं. सरकारी दवाखान्याचा दाखला आला, हाड मोडलंच होतं. तीनशे पंचवीस कलम लावून गुन्हा दाखल केला.

ज्याच्यावर आरोप होता तो पिंपळीचा पोरगा पोलीस भरतीत पास झालेला. मैदानी झाली, लेखी झाली, राहिली होती फक्त चारित्र्य पडताळणी, आणि तिचा कागद आमच्याच ठाण्यात येऊन पडलेला. दोषारोपपत्र गेलं की नोकरी गेली, इतका सरळ हिशोब. बाप लवकर वारलेला, आई दोन म्हशींवर घर चालवणारी. सगळं घर त्या एका कागदाकडे डोळे लावून बसलं होतं.

फिर्याद लिहून घेताना मी एकच प्रश्न विचारला, "यात्रेतली कुस्ती मारली कुणी?"

"त्यानं मारली," फिर्यादी खाली मान घालून म्हणाला.

मग राग जिंकलेल्याला कशाचा? हरलेला माणूस वाट अडवतो, जिंकलेला पेढे वाटत घरी जातो. ही गोष्ट तिथेच माझ्या डोक्यात अडकून राहिली.

तपास मी आमच्या फौजदाराकडे दिला. पोरगा हुशार, पण घाईचा. दुसऱ्या दिवशी पिंपळीच्या तालमीत जाऊन आला आणि केस सुटल्याच्या थाटात उभा राहिला. त्या तालमीत एक रीत होती. रग दाखवून जो पैलवान मातीचा नेम मोडेल, त्याचा लंगोट वस्ताद काढून घेतात आणि दाराशेजारच्या खुंटीला सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगतात. तो परत मिळेपर्यंत त्याने मातीत पाय ठेवायचा नाही. "साहेब, आपल्या आरोपीचा लंगोट खुंटीला आहे," फौजदार म्हणाला. "वस्तादांनी काढून घेतल्याचं त्यांनी स्वतः कबूल केलं. त्याच्या गुरूनेच गुन्हेगार ठरवलाय, अजून काय पाहिजे?"

पुरावा वजनदार वाटत होता खरा. त्यात आरोपीने भर घातली. त्याला बोलावलं तर मोठ्या अंगाचा तो पोरगा दारातच चपला काढून आत आला, बस म्हटलं तरी बसेना. काय झालं विचारलं की एकच वाक्य.

"चूक माझीच हाय साहेब."

"म्हणजे हात तू मोडलास?"

"माझ्यामुळंच मोडला. मला दुसरं काय सांगायचं न्हाय."

फौजदाराने माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीकडे. आमच्या त्या खोलीत खिळ्याला एक रुंद चामडी पट्टा लटकलेला असे. खात्यात त्याला 'बाजीराव' म्हणतात. मी त्या ठाण्यात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता. "अर्धवट बोलतोय साहेब. दोन दिले की पुढचं सांगेल."

"जो न मारता चूक माझी म्हणतोय, तो मारल्यावर काय वेगळं म्हणणार आहे?" मी म्हणालो. "त्याला घरी जाऊ दे. हद्द सोडू नको म्हणून सांग."

त्या दिवशी मला एका पुढाऱ्याचा फोनही आला, अटक कधी करताय म्हणून. तपास चालू आहे, एवढं सांगून मी फोन ठेवला. मला कोणी घाई केली की मी मुद्दाम सावकाश होतो. हा माझा स्वभाव आहे आणि बायकोला तो कधीच आवडला नाही.

मग खबर आली. कालव्याच्या कडेने शेरडं राखणारी एक म्हातारी आमच्या हवालदाराला रस्त्यात भेटली. ठाण्यात यायला ती राजी नव्हती. एवढंच म्हणाली, "त्येचा हात बघितला तुमी. ह्येची पाठ कुनी बघितली का?"

मी आरोपीला वैद्यकीय तपासणीला पाठवलं आणि स्वतःही गेलो. डॉक्टरांनी शर्ट काढायला लावला. पाठीवर आणि उजव्या खांद्यावर काळेनिळे वळ, लोखंडी गजाचे असावेत असे. हाताच्या मुठी मात्र कोऱ्या. कुणाच्या दातावर बसल्याची खूण नाही, साधं खरचटलेलंसुद्धा नाही. तिथून मी फिर्यादीकडे गेलो. ज्याला उचलून डांबरावर आपटला, त्याच्या पाठीला, कोपराला, ढोपराला एक ओरखडा नव्हता. डांबर इतकं मायाळू नसतं.

आता खुंटीचा प्रश्न राहिला. फौजदाराला घेऊन मी वस्तादांकडे गेलो. सत्तरीचे, फुटक्या कानांचे, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पोरं माती उकरत होती. दाराशी खरंच लंगोट लटकत होता.

"आबा, हा रस्त्यावरच्या मारामारीसाठी काढून घेतलात ना?"

"कोन म्हनलं? त्याच्या आधीच काढलाय. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी."

"कशापायी?"

"शड्डूपायी," वस्ताद म्हणाले. "कुस्तीआधी शड्डू ठोकायचा. जिंकल्यावर पडलेल्याला पयला हात देऊन उठवायचा, मग फेटा घ्यायचा. ह्येनं काय केलं? तो गडी चित पडलेला, आन ह्येनं त्याच्या तोंडावर शड्डू ठोकला. त्याच्याच गावात, त्याच्या बापाच्या समोर. म्हनलं, आन लंगोट हिकडं. अंगातली रग जिरली की ये."

"मग आमच्या फौजदाराला हे का नाही सांगितलंत?"

"त्यांनी इचारलं, काढून घेतला का? म्हनलं व्हय. कदी आन कशापायी ते कुठं इचारलं? लिवलं आन गेले की."

परत येताना गाडीत मी फौजदाराला डिवचलं नाही, त्याचे कान आधीच लाल झाले होते.

साक्षीदार मित्राला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. आधी चहा पाजला. आमचा एक धिप्पाड शिपाई पैलवान म्हणून उभा केला, फौजदाराला फिर्यादी केला, आणि मित्राला म्हणालो, "दाखव, कोण कुठं उभं होतं." तो दाखवायला लागला. कमरेला कशी मिठी घातली, कसा उचलला. शिपायाने फौजदाराला खरोखरच उचललं.

"आणि तू?"

"मी हितं, मागं."

मी टेबलावरची रुळाची काठी त्याच्या हातात दिली. "हातात काय होतं ते धर, आणि काय केलंस ते सावकाश कर."

त्याने काठी उगारली. शिपायाच्या पाठीवर नेम धरला आणि तसाच थांबला, कारण उचललेला फौजदार स्वतःला सोडवायला वळवळत होता आणि त्याचा हात बरोबर काठीखाली आला होता. काठी खाली ठेवून तो खुर्चीत बसला.

"मला पैलवानाला मारायचं होतं वो साहेब. मधी ह्येचा हात आला."

पुढचं सगळं त्याने न विचारता सांगितलं. वाट त्या दोघांनीच अडवली होती. पैलवान काटेवाडीच्या डेअरीला दूध घालायला निघालेला, त्याचे कॅन लाथेने उलटे केले. ट्रॅक्टरच्या टॉमीने, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी गजाने, मित्राने पाठीत हाणलं. तो नुसता उभा राहिला. फिर्यादीने त्याच्या डोक्यावर दगड उगारला, तेव्हा कुठे त्याने त्याला मिठी घालून उचलून धरला. टाकला मात्र नाही. मित्राचा हात मित्राच्याच टॉमीने मोडला, हे गावात कुठल्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा पैलवानाने मोडला म्हटलेलं बरं. टॉमी त्याने पंचांसमोर काढून दिली.

मी पिंपळीच्या पोराला परत बोलावलं आणि या वेळी खरंच चिडलो. "अरे, नोकरी जात होती तुझी. आईचा तरी विचार करायचास. तोंड शिवलं होतं का?"

"खोटं न्हाई बोललो साहेब," तो म्हणाला. "मी धरला नसता तर तो वार त्याच्या हातावर आला नसता. आन यात्रेत शड्डू ठोकला नसता, तर ती दोघं रस्त्यावर आलीच नसती. सुरुवात मी केली."

"त्यांच्याविरुद्ध फिर्याद दे."

"नको. म्हशीचं दूध काय, उद्या परत निघंल. त्याची इज्जत मी गावासमोर काढली, ती कुठनं आनू?"

एवढा धडधाकट गडी समोर रडत होता. मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला. पुरावा नसल्याचा, कलम एकशे एकोणसत्तरचा अहवाल कोर्टात गेला, त्याचं नाव आरोपीतून वगळलं आणि मित्र आरोपी झाला. पुढे फिर्यादी आणि त्या मित्राची कोर्टात तडजोड झाली. पडताळणीच्या कागदावर मी माझ्या हाताने शेरा लिहिला. इतक्या आनंदाने मी क्वचितच सही केली असेल.

लंगोट मात्र खुंटीलाच होता. वस्तादांचं म्हणणं, पोलिसांनी सोडला असेल, मातीने अजून सोडलेला नाही. एका सकाळी ते त्याला घेऊन फिर्यादीच्या गावी गेले. मीही गेलो, साध्या कपड्यात. यात्रेच्या त्याच आखाड्यात माणसं जमली. पोराने गुडघे टेकले, चिमूटभर माती उचलून प्लॅस्टरवाल्या हाताला लावली आणि त्याच्या पाया पडला. फिर्यादी बराच वेळ दुसरीकडे बघत होता. मग बऱ्या हाताने त्याला दंडाला धरून उठवलं.

"प्लॅस्टर निघू दे," तो म्हणाला. "मग बघतो तुला."

सगळी हसली. वस्तादांनी पिशवीतून लंगोट काढून पोराच्या खांद्यावर टाकला.

ताकदीची परीक्षा ती वापरताना होते, असं आम्हाला खात्यात शिकवलं होतं. ती आवरताना होते, हे मला त्या तालमीने शिकवलं. मारून कबुली काढायला अक्कल लागत नाही. त्या दिवशी पट्टा चालला असता, तर एक निरपराध पोरगा त्याच्याच शब्दांवर अडकला असता आणि मी ती केस यशस्वी म्हणून मिरवली असती.

गावावरून ठाण्यात परत आलो तेव्हा फौजदार समोरच बसला होता. मी काही बोलायच्या आत तो उठला, खिळ्यावरचा बाजीराव काढला आणि घडी करून माझ्या टेबलावर ठेवला.

"कुठं ठेवू साहेब?"

"कशापायी काढलास ते आधी सांग," मी म्हणालो.

"रग जिरली म्हणून," तो म्हणाला.