चीजला घातलेली आंघोळ

आमच्या घरी मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम कधी झालाच नाही. झाला तो मुलीचा बाप दाखवण्याचा.

बाप म्हणजे मी. उज्जैनच्या एका शाळेत चौतीस वर्षं केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेला. मी वर्गात शिरलो की पंखेसुद्धा आवाज कमी करायचे, असं माझे विद्यार्थी सांगतात. (पंखे बंदच असायचे, ती गोष्ट वेगळी.) ह्या दराऱ्याचा मला भारी अभिमान होता. पण आमची मुक्ता पुण्याला नोकरीला गेली, तिथे तिला निखिल नावाचा मुलगा आवडला, आणि हा दरारा तिच्या मुळावर आला.

झालं असं, की तिनं व्हिडिओ कॉलवर माझी आणि निखिलची ओळख करून दिली. मुलगा इंजिनियर. "नमस्कार काका" म्हणाला. आता पुढे काहीतरी बोलायला नको का? म्हणून मी सहज विचारलं, "इंजिनियर आहात ना? मग साबणानं मळ नक्की कसा निघतो, सांगा बरं." मुलगा थिजला. आधी वाटलं स्क्रीन अडकली. पण मागचा पडदा हलत होता! मग "काका, नेटवर्क..." एवढं म्हणून तो गेला, आणि पुढे तीन महिने त्याला नेटवर्क आलं नाही.

शेवटी मुक्ताचा फोन आला.

"बाबा, निखिल तुम्हाला घाबरतो. तो म्हणतो, लग्न करायला मी एका पायावर तयार आहे, पण दर दिवाळीला तोंडी परीक्षा कोण देणार?"

"मग दोन ओळी वाचाव्यात की! नववीच्या पुस्तकात आहे!"

"बाबा!! ऐका. मंगलाकाकू, म्हणजे त्याची आई, माझ्याबरोबर उज्जैनला येताहेत. महाकालचं दर्शन हे निमित्त. खरं तर त्या तुम्हाला बघायला येताहेत. तुम्ही बरे वाटलात तर पुढे काही होईल. नाहीतर..."

नाहीतरच्या पुढे ती बोलली नाही. एवढीशी होती तेव्हापासून ती रडायच्या आधी अशीच थांबते. मी म्हटलं, बेटा, तू टेंशन नको घेऊ, तुझा बाप असा गोड वागेल की बघत राहशील.

"वागू नका, काहीतरी करा," मुक्ता म्हणाली. "काकूंना घरात हातभार लावणारे पुरुष आवडतात. तुम्ही स्वतःच्या हातानं सॅलड करा. त्यांचे नवरात्राचे नऊ दिवसांचे उपवास आहेत आणि साबुदाण्यानं त्यांना ॲसिडिटी होते. मी रेसिपी पाठवते. नुसतं चिरायचं आणि एकत्र करायचं. ह्यात चुकण्यासारखं काही नाही."

रेसिपी आली. ऑटम सॅलड! सफरचंद, नाशपाती, डाळिंबाचे दाणे, भाजलेले अक्रोड आणि वरून चीज. (ऑटम म्हणे! आमच्याकडे ह्या दिवसांत पंखा पाचवर असतो आणि तरी बनियन अंगाला चिकटतं.) मी ती दोनदा वाचली आणि बायकोला, सुधाला, जाहीर केलं की अष्टमीच्या सकाळी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात राहील.

"अहो, तुम्हाला गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा ते माहीत आहे का?"

"मी चौतीस वर्षं प्रयोगशाळा चालवली आहे!"

"तिथं दोनदा आग लागली होती," सुधा म्हणाली आणि दळण आणायला गेली.

आदल्या संध्याकाळी मी टावर चौकात चीज घ्यायला गेलो. दुकानदार निघाला माझाच जुना विद्यार्थी. मला बघून गल्ल्यावरून उठून उभा राहिला. मी मोबाइलमधलं चीजचं अवघड नाव वाचून दाखवलं. त्याला ते कळलं नाही, पण सरांना 'नहीं पता' म्हणायची त्याची आजही छाती होईना.

"सर, ये ले जाइए. पिज्जावाला. सब यही ले जाते हैं."

"पण नाव वेगळं आहे रे."

"सर, एक ही बात है," तो घाम पुसत म्हणाला. हा दहावीतही प्रत्येक प्रश्नाला असंच उत्तर द्यायचा, हे मला आठवायला हवं होतं. पण मी अर्धा किलोचा पांढरा ठोकळा ऐटीत घरी आणला.

अष्टमीचा दिवस उजाडला. मुक्ता आणि मंगलाकाकू रात्रीच येऊन हॉटेलात उतरल्या होत्या. सकाळी दर्शन करून साडेबाराला घरी येणार. मी नऊलाच टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहिलो. सफरचंदं चिरली, नाशपाती चिरली, काळी पडू नयेत म्हणून त्यावर लिंबू पिळलं. (ऑक्सिडेशन! सुधाला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं नाही.) डाळिंब सोललं, त्यात शर्ट गेला. अक्रोड फोडले, त्यात अंगठा गेला. तरी सगळं कसं बढिया चाललं होतं. तेवढ्यात शेजारच्या दुबेभाभी कन्यापूजनाचा हलवा द्यायला आल्या आणि त्यांनी चीजचं पाकीट हातात घेतलं.

"भाईसाहब, ये किसके लिए?"

मी अभिमानानं सांगितलं, "होनेवाली समधनजी के लिए. नौ दिन का व्रत है उनका."

भाभींनी चष्मा वर करून पाकिटाची मागची बाजू वाचली आणि कपाळाला हात लावला. "इसमें तो सादा नमक है! व्रत में सेंधा चलता है, भाईसाहब. आठ दिन का व्रत आप एक कटोरी में खंडित कर दोगे!"

आमच्या पाच पिढ्या माळव्यात गेल्या. इथे उपवासाला सैंधव म्हणजे सैंधवच. साधं मीठ चुकून पडलं, तर आमची आई अख्खी कढई गाईला घालायची. इकडे घड्याळात साडेदहा. चीज टाकून द्यावं, तर काकूंना ह्या सॅलडमधलं चीजच फार आवडतं, असं मुक्तानं तीनदा बजावलेलं. आता काय करावं? दुसरा कुणी असता तर त्यानं पनीर आणलं असतं. पण मी केमिस्ट्रीचा माणूस!

"सुधा," मी म्हणालो, "मी ह्यातलं मीठ काढतो."

"काय काढता?"

"मीठ. ते पाण्यात विरघळतं. चीजचे तुकडे करून पाण्यात ठेवायचे. मीठ बाहेर येतं. सोपं आहे."

सुधानं दुबेभाभींकडे बघितलं. दुबेभाभींनी हलव्याकडे बघितलं. "मैं चलती हूँ," त्या म्हणाल्या.

मी तुकडे केले आणि मोठ्या पातेल्यात गार पाण्यात सोडले. दहा मिनिटांनी एक चाखला. (मला रक्तदाबाच्या गोळ्या आहेत, मी उपवास करत नाही.) खारट! पाणी बदललं. पुन्हा दहा मिनिटं. पुन्हा खारट! असं चार वेळा झालं. सव्वाअकरा वाजले, आणि मला माझाच नववीच्या वर्गातला धडा आठवला: तापमान वाढवलं की क्रिया जलद होते. मी गॅस पेटवला. बरोबर बाजूला फिरवून पेटवला, ह्याची नोंद घ्यावी.

पाणी गरम झालं, तसे तुकडे एकमेकांजवळ सरकू लागले. मी डाव घालून त्यांना वेगळं करायला गेलो, तर डावाला लागून एक दोरी वर आली. डाव उंच केला, दोरी लांबली. हात डोक्याच्या वर नेला, तरी दोरी संपेना! तेवढ्यात सुधा आत आली.

"हे काय आहे?"

"मीठ निघतंय."

"मीठ निघतंय का धागा निघतोय? अहो, तुटेल ते! नाही, तुटत नाहीये! कात्री देऊ का?"

कात्री कुठली? दोरी माझ्या चष्म्याच्या काडीला गुंडाळली गेली होती. सुधानं ती सोडवेपर्यंत पातेल्यात सगळ्या तुकड्यांचा मिळून एक गोळा झाला होता. त्याला आम्ही दोघांनी मिळून बर्फाच्या पाण्यात टाकलं. गार झाल्यावर तो इतका घट्ट झाला, की सुरी त्यावरून घसरायला लागली. मी मात्र हरलो नाही. किसणी काढली आणि तो गोळा किसला. शुभ्र कीस पडला! चाखून बघितला. मिठाचा कण नाही. चवीचाही नव्हता, पण शास्त्राला चवीशी काय देणंघेणं? वरून चिमूटभर सैंधव टाकलं की झालं. मी मनात म्हटलं, मुक्ते, तुझ्या बापानं बाजी मारली.

आणि बाहेर रिक्षा थांबली! बरोबर बारा वाजता! अर्धा तास लवकर!

सुधा दाराकडे धावली. बैठकीतून "या, या," "दर्शन छान झालं हो," असे आवाज येऊ लागले. मुक्ता आत डोकावून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, झालं ना? चला, तुम्हीच घेऊन या." काचेच्या मोठ्या वाडग्यात फळं घातली, डाळिंबाचे दाणे घातले, अक्रोड घातले, चीजचा कीस पसरला. आता सैंधव. मी फडताळाकडे हात नेला, वरून भुरभुरवलं, आणि ताठ मानेनं बैठकीत गेलो.

मंगलाकाकू चांगल्या शांत बाई. पांढरी-हिरवी साडी, कपाळावर महाकालचं चंदन. मी वाडगा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी बघितलं. मुक्तानं बघितलं. सुधानं बघितलं. मग मीही बघितलं.

सॅलडवर शेव होती! चांगली मूठभर, पिवळीधमक, लवंगी शेव! आणि शेवेवर जीरावन, आमचा माळव्यातला चटकदार मसाला! अहो, उज्जैनमध्ये शेव-जीरावन पडल्याशिवाय कुठली ताटली स्वयंपाकघरातून बाहेर पडते? पोह्यांवर शेव, भेळेवर शेव, काकडीवर शेव. पण म्हणून नवरात्राच्या उपवासावर बेसन? आणि जीरावनात तर साधं मीठ असतं, तेही पोटभर!

माझं डोकं सणकलं. गोड वागणं, हातभार लावणं, सगळं विसरलो. आवाज थेट दहावी 'ब'च्या वर्गातला लागला.

"कोणी टाकली शेव??"

खिडकीतलं कबुतर उडालं. काकूंच्या हातातला पाण्याचा पेला ओठांपाशीच थांबला. मुक्ताचा चेहरा पांढराफटक पडला आणि डोळे भरून आले. माझी मुलगी माझ्याकडे अशा नजरेनं बघत होती, की सगळं संपलं हे मला तेव्हाच कळलं.

"मी विचारतोय, कोणी टाकली?" तरी जीभ थांबेना.

सुधानं बोट दाखवलं. माझ्या डाव्या काखेकडे. तिथे शेवेचं पाकीट होतं. उघडं. आणि उजव्या हाताच्या बोटांना जीरावन लागलेलं होतं.

मी खाली बसलो. खुर्चीवर बसायचं होतं, वेताच्या बुटक्या मोड्यावर बसलो. आणि मग, देव जाणे कसं, मी घडाघडा सगळं बोलून टाकलं. चीजमधलं साधं मीठ, चार वेळा बदललेलं पाणी, चष्म्याला गुंडाळलेली दोरी, किसणी, सगळं. शेवटी म्हणालो, "बाई, दीड तास मीठ काढलं हो मी. आणि तीन सेकंदांत शेव टाकली. मला काही येत नाही. पण ह्यात माझ्या मुलीची काही चूक नाही. तिला नका पारखू माझ्यावरून." खरं सांगतो, मुलीचं लग्न आपल्या हातानं मोडलं ह्या विचारानं मला रडू येत होतं.

काकूंनी पेला खाली ठेवला. "पण तुम्ही मीठ का काढलंत?"

"उपवासाला साधं मीठ चालत नाही ना."

"आमच्याकडे चालतं की! साबुदाण्याच्या खिचडीत आम्ही साधंच मीठ घालतो. वर्षानुवर्षं!"

मग काकूंच्या तोंडून एक बारीक आवाज आला. मला वाटलं, ठसका लागला. पण त्या हसत होत्या! पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या. त्यांना बघून सुधा हसली, मग मुक्ता रडता रडता हसली. काकूंनी वाडग्याच्या कडेला चमचा घालून, शेव न लागलेला चीजचा कीस काळजीपूर्वक काढला आणि चाखला.

"शाबास!" त्या म्हणाल्या. "मीठ खरंच निघालंय. बाकीचंही सगळं निघालंय."

मग त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन उरलेलं सफरचंद स्वतः चिरून घेतलं, मला मोड्यावरून उठू दिलं नाही, आणि आमच्यासमोरच पुण्याला फोन लावला.

"निखिल, ये रे तू बिनधास्त. घाबरण्यासारखं काही नाही इथे." पलीकडून तो काहीतरी म्हणाला. काकूंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं, आणि मुलाकडच्यांनी वर्षानुवर्षं मुलींबद्दल जे सांगितलं असेल, ते माझ्याबद्दल सांगून टाकलं.

"हो, हो, पसंत आहेत. स्वभावानं गरीब वाटले. स्वयंपाक अजिबात येत नाही, पण घेऊ सांभाळून!"